टेक मीटअप सुरू करायचाय? आधी चहाचं बघा

९ मार्च २०२० च्या सोमवारी पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले. आमचा पायथॉनचा मीटअप, म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत रस असलेल्यांची दर महिन्याची भेट, त्याच आठवड्यात, शनिवारी १४ तारखेला ठरलेला होता. बुधवारी हॉल देणाऱ्या कंपनीतून फोन आला: बाहेरच्या कुणालाच आत सोडायचं नाही असं वरून सांगितलंय. वक्त्याची तयारी झालेली, समोसे सांगून ठेवलेले, साठ-सत्तर जणांनी ‘येतो’ म्हणून कळवलेलं. रद्द झाल्याचा निरोप लिहायला मला अर्धा तास लागला. ‘पुढची तारीख लवकरच कळवू’ या वाक्यावर मी अडकून बसले होते. सगळ्यांनी पुन्हा एका खोलीत बसायची ती तारीख उजाडली ९ एप्रिल २०२२ ला.

मधल्या दोन वर्षांत आमचा गट टिकला. आजूबाजूचे बरेच विझले, आणि त्यांचे संयोजक आमच्याइतकेच राबणारे होते. आम्ही का टिकलो याचा मी पुष्कळ विचार केलाय. माझं उत्तर असं: माणसं व्याख्यानाचं निमित्त करून एकमेकांना भेटायला येतात. व्याख्यान एका रात्रीत ऑनलाइन नेता येतं. त्यानंतर चहाचा कप हातात घेऊन होणारं बोलणं आपोआप ऑनलाइन जात नाही, त्याची सोय मुद्दाम करावी लागते. सांगली असो, नाशिक असो की मडगाव, तुमच्या गावात असा गट उभा करायचा असेल, तर आम्ही ज्या क्रमानं शिकलो त्यापेक्षा बऱ्या क्रमानं तुम्हाला शिकता यावं म्हणून हे लिहितेय.

१. तारीख आधी बांधा

नवा संयोजक आधी वक्ता शोधतो, मग वक्त्याच्या सोयीची तारीख, मग त्या तारखेला मोकळा असलेला हॉल. तीन महिन्यांत तो दमतो. तुम्ही उलट करा. ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा’ असं एकदाच जाहीर करा आणि काही झालं तरी मोडू नका. लोक आपला महिना त्याभोवती लावतात.

वक्ता मिळाला नाही तरी बसा. एकदा आमचा वक्ता आदल्या रात्री तापानं फणफणला. सकाळी एका मुलीनं तिचा न चालणारा कोड पडद्यावर लावला. फाइल वाचताना मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येत होती. पंचवीस जण दीड तास त्यात गुंतले, शेवटी एन्कोडिंगची (फाइलमधली अक्षरं कुठल्या पद्धतीनं वाचायची ते सांगणारी) एक ओळ बदलली आणि पडद्यावर ‘ज्ञानेश्वर’ नीट उमटलं, तेव्हा टाळ्या पडल्या. ठरवून आणलेल्या कित्येक भाषणांपेक्षा ती सकाळ लोकांच्या जास्त लक्षात आहे.

वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर समोर घेऊन गणपती, दिवाळी आणि इंजिनिअरिंगच्या परीक्षा यांच्यावर खुणा करून ठेवा. परीक्षेच्या महिन्यात निम्मे विद्यार्थी येणार नाहीत, ते मनाला लावून घेऊ नका.

२. किमान तिघं हवेत

एक जागा बघेल, एक वक्ते, एक निरोप. एकट्यानं चालवलेला गट त्या एकट्याची नोकरी बदलली, लग्न झालं किंवा बाळ झालं की बंद पडतो. तिघांत निदान एक बाई असावी. दारात आपल्यासारखं कुणी दिसलं तर आत यावंसं वाटतं, हे मी स्वतः अनुभवलंय. गटाच्या ईमेलचा, यूट्यूब चॅनेलचा, नोंदणीच्या पानाचा पासवर्ड तिघांकडेही असावा. खाती गटाच्या ईमेलवर काढा, कुणाच्या वैयक्तिक किंवा ऑफिसच्या ईमेलवर नको. नोकरी सुटली की ऑफिसचा ईमेल त्याच दिवशी बंद होतो, आणि त्याच्यासोबत तुमचा चॅनेलही जातो.

३. जागा

कंपनीचा हॉल मिळाला तर प्रोजेक्टर, वायफाय, स्वच्छतागृह यांची चिंता मिटते. पण गेटवर यादी लागते. नाव, मोबाइल, सोबत कुठलं ओळखपत्र, कधी लॅपटॉपचा सिरीयल नंबरही. ही यादी गुरुवारी दुपारपर्यंत गेली नाही, तर शनिवारी वीस जण उन्हात गेटबाहेर उभे राहतात आणि त्यातले सहा परत जातात. शनिवारी एसी चालू असतो का, तेही आधीच विचारा.

कॉलेजचा हॉल मिळवायला प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा लागतो, आणि तो विभागप्रमुखांच्या सहीनं पुढे जातो. किमान तीन आठवडे धरा. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कुणी विचारत नाही: शनिवारी लॅबची किल्ली कुणाकडे असते? त्या शिपाईकाकांचा नंबर घ्या, शुक्रवारी संध्याकाळी त्यांना फोन करा, कार्यक्रमानंतर खुर्च्या जागेवर लावून द्या आणि त्यांनाही चहा द्या.

नुसती फुकट मिळतेय म्हणून गावाबाहेरची जागा घेऊ नका. बसनं पोचता येणार नसेल तर तुमचा मीटअप फक्त गाडीवाल्यांचा होतो.

४. जवळ काय काय ठेवायचं

कागदपत्रं: जागेच्या परवानगीचं पत्र किंवा ईमेल (छापून, कारण गेटवरचा माणूस तुमच्या मोबाइलवर विश्वास ठेवत नाही), येणाऱ्यांची यादी, स्वतःचं ओळखपत्र, आचारसंहितेची (मीटअपमध्ये कसं वागायचं त्या नियमांची) प्रत, आणि वक्त्यानं रेकॉर्डिंगला दिलेली लेखी संमती. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘हो चालेल’ सुद्धा पुरतं, पण ते जपून ठेवा.

पिशवीत: दोन एक्स्टेन्शन बोर्ड, एचडीएमआय केबल, यूएसबी-सी आणि व्हीजीए अशी दोन्ही अ‍ॅडॅप्टर, कॉलर माइक, त्याचे जादा सेल, मार्कर, नावाच्या चिठ्ठ्या. भाषणाची एक पीडीएफ प्रत पेन ड्राइव्हमध्ये.

५. पैशाला हात लावू नका

नोंदणीकृत संस्था नसताना स्वतःच्या खात्यात लोकांचे पैसे घेणं हा सगळ्यात मोठा सापळा. हिशेब चोख ठेवला तरी शंका राहतात, आणि ते तुमचं उत्पन्न नाही हे उद्या तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. पुरस्कर्ता मिळाला तर त्याला चहा-नाश्त्याचं बिल परस्पर भरू द्या. प्रवेश फुकट ठेवा. पहिली दोन-तीन वर्षं यापलीकडे काही लागत नाही.

६. पहिला शनिवार

दारात एक माणूस उभा करा. नवीन आलेला कसा ओळखायचा? तो खुर्चीवर न बसता भिंतीशी उभा राहतो आणि मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं बघत असतो. त्याच्याकडे जाऊन ‘कुठल्या कंपनीत?’ असं विचारू नका. विद्यार्थी, नोकरी गेलेला, मूल झाल्यावर कामावर परतू पाहणारी बाई, हे सगळे त्या एका प्रश्नावर आक्रसतात. ‘सध्या काय करून बघताय?’ असं विचारा. याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं.

दोन भाषणं, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, आणि चहा मध्ये. शेवटी ठेवला तर अर्धे जण ‘निघतो’ म्हणून सटकतात. मध्ये ठेवला की कुणाशी तरी ओळख होऊनच माणूस परत खुर्चीवर बसतो, आणि दुसऱ्या भाषणानंतर प्रश्न विचारायला त्याचा हात वर होतो. आमच्या कोपऱ्यावरचे चहावाले काका बरोबर सव्वाअकराला थर्मास घेऊन यायचे. वक्ता कितीही रंगात असला तरी काकांना बघून थांबायचा.

‘येतो’ म्हणणाऱ्यांपैकी आमच्याकडे साधारण एक तृतीयांश यायचे, पाऊस असला तर आणखी कमी. समोसे त्या हिशेबानं सांगा.

भाषेबद्दल एक आग्रह: प्रश्न मराठीत विचारलेले चालतात हे सुरुवातीलाच मोठ्यानं सांगा. आम्ही हे सांगायला लागलो त्या महिन्यापासून प्रश्न विचारणारी माणसं बदलली.

७. आचारसंहिता लिहून ठेवा

मोठ्या परिषदा आपली आचारसंहिता सर्वांसाठी प्रसिद्ध करतात. त्यातली एखादी समोर ठेवून साध्या मराठीत एक पान लिहा, आणि तक्रार कुणाकडे करायची ती दोन नावं खाली द्या.

गप्पांचा गट कुठे ठेवायचा हाही याच पानाचा विषय आहे. आमचा व्हॉट्सअ‍ॅपवर होता. तेव्हा तिथे २५६ जणांची मर्यादा होती, पण खरी अडचण वेगळीच होती: गटातल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. आमच्यातल्या एकीला रात्री अनोळखी नंबरांवरून निरोप यायला लागले. तिनं सांगितलं तेव्हा ती तीन आठवडे ते सहन करत होती. आम्ही त्या आठवड्यात टेलिग्रामवर गेलो, तिथे नंबर लपवता येतो. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. तुम्ही करा.

८. हॉल बंद झाला तर

लॉकडाऊन पुन्हा येवो न येवो. पूर, संप, परीक्षांसाठी अडकलेला हॉल, काहीही होऊ शकतं. तयारी असू द्या.

आमची पहिली ऑनलाइन बैठक ११ एप्रिल २०२० ला झाली. आधी साधन: झूमवर फुकट बैठक ४० मिनिटांत तुटते, गूगल मीटवर तिघं किंवा अधिक असतील तर तासाभरानं. जित्सी हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं. यूट्यूबवरून थेट दाखवायचं असेल तर ती सोय आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी चालू करा. पहिल्यांदा चालू व्हायला २४ तास लागू शकतात.

मग दार. मे महिन्यात आमच्या बैठकीत एक अनोळखी घुसला आणि त्यानं सगळ्यांच्या पडद्यावर घाणेरडी चित्रं लावली. चूक आमची, लिंक आम्ही उघड्यावर टाकली होती. एप्रिलमध्येच केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर कोऑर्डिनेशन सेंटरनं अशा बैठकांबद्दल सूचना काढल्या होत्या, आम्ही त्या नीट वाचल्या नव्हत्या. तेव्हापासून: लिंक फक्त नोंदणी केलेल्यांना आणि तासभर आधी, वेटिंग रूम (संयोजकानं आत घेईपर्यंत थांबायची जागा) चालू, स्क्रीन दाखवण्याचा हक्क फक्त संयोजक आणि वक्त्याला, आणि एक संयोजक भाषण न ऐकता नुसतं दारावर लक्ष ठेवणारा.

वीज. पुण्यात महावितरण दुरुस्तीची कामं गुरुवारी काढतं, म्हणून वक्त्याबरोबरची तालीम गुरुवारी ठेवू नका. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. वक्त्याची पीडीएफ तुमच्याकडे असू द्या. त्याचं नेट गेलं तर तो फोनवरून बोलेल, पानं तुम्ही उलटाल. आम्ही असं दोनदा केलं आणि ऐकणाऱ्यांना फारसं जाणवलंही नाही.

वेळ. तीन तासांचा कार्यक्रम जसाच्या तसा ऑनलाइन नेऊ नका, सव्वा तासात आटपा. त्या उन्हाळ्यात वेबिनारांचा पूर आला होता. आम्हीही पंधरा दिवस रोज एक केला, आणि पंधराव्या दिवशी अकरा जण उरले. महिन्यातून एकच ठेवा.

आता चहा. भाषणानंतर ‘आता गप्पा मारू’ म्हटलं की चाळीस माणसं माइक बंद करून एकमेकांच्या नावांकडे बघत बसतात. आम्ही गप्पा भाषणाच्या आधी आणल्या. पाच-पाच जणांच्या ब्रेकआउट रूम (त्याच बैठकीतल्या छोट्या वेगळ्या खोल्या), पंधरा मिनिटं, प्रत्येकीत आपला एक जुना माणूस आणि तोच प्रश्न: सध्या काय करून बघताय? त्याशिवाय दर बुधवारी रात्री नऊला एक तास, भाषण नाही, नोंदणी नाही, ज्याला जे अडलंय ते घेऊन या. कधी चार जण यायचे, कधी चौदा. गट या बुधवारांनी जगवला असं मी म्हणेन.

कॅमेरा चालू करायची सक्ती कधीही करू नका. हडपसरचा एक विद्यार्थी कायम कॅमेरा बंद ठेवायचा आणि त्याच्या आवाजामागे दुसऱ्यांची भांडी वाजायची. बऱ्याच महिन्यांनी कळलं की एका खोलीत पाच जण राहतात म्हणून तो चाळीच्या जिन्यात बसून बोलायचा. जिन्यातला दिवा त्याच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर पडायचा, म्हणून तो स्क्रीनवर ओढणी धरायचा. त्यानं त्या जिन्यातूनच आमच्यात त्याचं पहिलं भाषण दिलं.

आणि जे हॉलमध्ये कधी आलेच नसते ते आले. लातूर, जळगाव, सातारा. पायकॉन इंडिया ही परिषद २०११ मध्ये पुण्यात झाली होती, पण नंतर दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी फिरली आणि प्रवासाचा खर्च अनेकांना झेपायचा नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ती ऑनलाइन झाली तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणांनी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

९. गटावर संकट येतं तेव्हा

एप्रिल २०२१. राज्य सरकारचे ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागले त्या आठवड्यात आमच्या टेलिग्रामवर पायथॉनबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही. बेड, ऑक्सिजन, रेमडेसिविर, प्लाझ्मा. जो तो कुठून तरी आलेले नंबर पुढे ढकलत होता, आणि त्यातले बहुतेक लागत नव्हते. रात्री दोन वाजता बापासाठी सिलिंडर शोधणाऱ्या मुलाला बंद पडलेले वीस नंबर देणं म्हणजे त्याची वीस मिनिटं घेणं.

आम्ही भाषण रद्द केलं आणि एक सामायिक शीट उघडली. रकाने एवढेच: नंबर, काय मिळतं, कुणी फोन केला, किती वाजता, काय उत्तर मिळालं. वेळ नसलेली ओळ काढून टाकायची. सहा तासांहून जुनी झाली की पुन्हा फोन करायचा. अशी शीट चालवायची वेळ आली, तर हे लक्षात ठेवा:

दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा, आणि रात्रपाळी केलेल्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या. आमचा एक जण सलग चार रात्री जागला आणि पाचव्या दिवशी फोनवर रडायला लागला. रुग्णाचं आधार कार्ड, रिपोर्ट, फोटो गटात टाकू देऊ नका, आणि काम संपल्यावर शीट पुसून टाका. आगाऊ पैसे मागणारा नंबर आला तर तो लाल करून ठेवा, नुसता काढू नका, नाहीतर दुसरं कुणी तोच परत टाकतं.

मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं. कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळाचा एपीआय (तिथली माहिती दुसऱ्या प्रोग्रामला घेऊ देणारी सोय) खुला होता, त्यामुळे जागा दिसली की टेलिग्रामवर कळवणारे बॉट गावोगावी तयार झाले. आम्हीही एक केला. दर पाच मिनिटांत १०० विनंत्यांची मर्यादा होती, ती पाळली. काही जणांना पुढे जाऊन आपोआप बुकिंग करणारी स्क्रिप्ट हवी होती. आम्ही नाही म्हटलं. ज्याला कोड येतो त्यालाच लस मिळावी हे आम्हाला पटत नव्हतं. त्याऐवजी एका मोबाइल नंबरवर चौघांची नोंदणी होत होती, म्हणून प्रत्येकानं आपल्या नंबरवरच्या मोकळ्या जागा सोसायटीचे वॉचमन, घरी कामाला येणाऱ्या मावशी यांच्यासाठी वापरल्या.

आमच्यातले दोघं गेले. असं झालं तर आधी घरच्यांना विचारा, मग चार ओळी लिहा, फोटो त्यांनी दिला तरच. पुढच्या शनिवारी भाषण ठेवू नका. लिंक मात्र नेहमीच्या वेळी उघडा. आम्ही उघडली, तीस जण आले, बराच वेळ कुणी बोललं नाही आणि कुणी गेलंही नाही.

१०. परत हॉलमध्ये

राज्यातले निर्बंध २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला उठले. पुढच्याच शनिवारी आम्ही भेटलो. लहान सुरुवात करा, खिडक्या उघड्या ठेवा, मास्क घालणाऱ्याला कारण विचारू नका.

अर्धे हॉलमध्ये आणि अर्धे ऑनलाइन, असा एकत्र कार्यक्रम मी नव्यांना सुचवणार नाही. त्याला दोन माइक, दुसरा कॅमेरा आणि ऑनलाइन बसलेल्यांचे प्रश्न मोठ्यानं वाचणारा एक राखीव माणूस लागतो. तो नसेल तर लातूरच्या मुलाला फक्त खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकू येतो. आम्ही एक महिना हॉल, एक महिना ऑनलाइन असं केलं, आणि बुधवार तसाच ठेवला.

११. वही ठेवा

एक साधी वही. त्यात किल्लीवाल्या काकांचा नंबर, अर्जाचा नमुना, कुठला प्रोजेक्टर कुठल्या केबलला चालतो, किती समोसे उरले, कुठल्या वक्त्याला परत बोलवायचंय. तुमच्यानंतर येणाऱ्याला ती द्यायची आहे, म्हणून अक्षर नीट काढा.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर चहावाल्या काकांचा नंबर होता. एप्रिल २०२२ मध्ये मी तो फिरवला तेव्हा त्यांच्या मुलानं उचलला. काका गावी गेले होते, गाडी आता तो लावत होता. मी नाव सांगितलं, दुसरा शनिवार म्हटलं. ‘सव्वाअकराला ना? किती कप?’ त्यानं विचारलं. मी चाळीस सांगितले. बावीस जण आले.